एकशेवीसचा टायर

तो पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा माझ्या गालाला ग्रीस लागलेलं होतं, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. आठ वर्षं झाली त्याला. अजून आठवलं की हात आपसूक गालाकडं जातो.

परतूरला मोंढ्याच्या रस्त्यावर आमचं टायरचं दुकान. पप्पांचा खांदा दुखावल्यापासून टामीनं, म्हणजे लोखंडी सळईनं, टायर उचकटून काढायचं अन् बसवायचं काम मीच करायचे. येणारे-जाणारे हसायचे. पप्पा हसले नाहीत, पण अट मात्र घातली. "ज्योत्स्ना, ज्या दिशी गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं, त्या दिशी टामी खाली ठिवायची." मला ते काम जिवापाड आवडायचं. दीड वर्षात एकही तक्रार येऊ दिली नव्हती मी.

आणि मग हा आला.

"बाईकला मागं एकशेवीसचा टायर टाकायचाय."

"कंपनीचा शंभरचा हाय की. रुंद टाकला तर गाडी वळायला जड पडंल. ॲव्हरेजबी घटंल."

"घटू द्या. मागून भारी दिसती गाडी."

"मागून कोण बघून राह्यलंय तुमच्याकडं?"

तो गालातल्या गालात हसला. "आता... आजपासून तुम्ही बघताल की."

मी मान खाली घातली अन् रिमच्या कडेला साबणाचं पाणी लावू लागले. तो शेजारी उकिडवा बसून जांब समर्थ गावातल्या आपल्या शाळेचं सांगत होता. नवा मास्तर, नाव सुमित. पोरं 'सर' म्हणायचं सोडून 'दादा' म्हणतात, म्हणाला. मध्येच त्यानं रुमाल काढला, स्वतःच्याच गालावर टेकवला आणि माझ्याकडं बघून डोळ्यांनी खूण केली. मी लाजून गाल पुसला, तो आणखीच काळा झाला. घोटाळा झाला तो तेव्हाच.

चार दिवसांनी तो परत आला. पप्पा जेवायला घरी गेलेले.

"एक बोलू?... टायरवर बाण असतोय ना, चाक त्याच दिशेनं फिरायला पाहिजे. माझा उलटा बसलाय."

मी वाकून बघितलं. खरंच उलटा.

"मंग पहिल्याच दिशी का न्हाई आलात?"

"तीनदा आल्तो. पण काका बसलेले होते. तुमच्या अटीचं टपरीवर ऐकलं होतं... तसाच वापस गेलो."

मी टायर मुकाट्यानं सुलटा केला. मान वर करायची हिंमतच होईना. माझ्यासाठी कुणी एवढं सांभाळून वागावं, हे मला नवीन होतं, आणि फार गोड वाटत होतं.

नंतर तो दर शनिवारी हवा बघायला यायचा. हवा कधी कमी नसायचीच. तरी मी मोजायचे, तो बोलत बसायचा... दोन महिने असे भुर्रकन गेले.

एके शनिवारी सकाळी पप्पा म्हणाले, "हे मास्तर काहून सारखं येऊन राह्यलंय? मोंढ्यात चर्चा व्हायलीय. आज आलं की हाकलूनच देतो."

खरं सांगितलं तर टामी जाणार होती. गप्प बसले तर तो. मी टामी पुसली अन् पप्पांच्या पुढ्यात ठेवली.

"त्यांना काही म्हणू नका, पप्पा. त्यांचा टायर मी उलटा बसवल्ता. त्यांनी ते तुमच्यापसून लपवलं... माझ्यासाठी."

पप्पांनी आधी टामीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"दीड-दोन वर्षांत चुकला तो एकच?"

"एकच."

"अन् तोबी ह्या मास्तरचाच." त्यांनी टामी उचलून माझ्या हातात दिली. "तक्रार त्यानं केलीच न्हाई, मंग अट कुठं मोडली? त्याला म्हणावं, हवा बघणं बस झालं. आईबापाला घेऊन घरी ये."

दुपारी तो आला. मी एका दमात सगळं सांगून टाकलं, आणि वर हेही सांगितलं, "पण लग्न झालं तरी मी दुकान सोडणार न्हाई. आधीच सांगून ठिवते."

तो माझ्या काळ्या हातांकडं बघत राहिला. मग पहिल्यांदाच मला 'तू' म्हणाला.

"ज्योत्स्ना, मला तू आवडतीस... दुकानासकट."