एकविसावी पायरी

"थांबतो कशाला? घागर खांद्यावर घेऊन एका दमात देऊळ गाठतो मी!" सोलापूरच्या दवाखान्यात खाटेवर पडल्या पडल्या वीरप्पा डॉक्टरांना ठणकावून सांगत होता, आणि दाराशी उभ्या असलेल्या त्याच्या धाकट्या भावाला, कल्याणप्पाला ते ऐकवत नव्हतं... अण्णा खोटं बोलत होते!

हातातली कार्डिओग्रामची पट्टी दाखवत डॉक्टर वीरप्पाच्या बायकोला, वनमालावहिनींना म्हणाले, "बाई, हृदयविकाराच्या झटक्यानं हृदयाला इजा झाली, एवढं या कागदावर दिसतं. पण रक्त नेणारी नळी किती अरुंद झालीय, ते दिसत नाही. श्रम केल्यावर छातीत कधी दुखतं, या दवाखान्यात यावरूनच ते ओळखायचं. हे म्हणतात तसं असेल, तर दोन महिन्यांनी पायऱ्या चढू द्या."

वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. घरात राबणाऱ्या त्या माउलीला काय ठाऊक?

ठाऊक होतं ते कल्याणप्पाला! येरमाळ्याजवळच्या टेकडीवरल्या महादेवाच्या पूजेची पाळी बळकावायला हा टपलाय, असा आळ घेऊन बारा वर्षांपूर्वी अण्णांनी त्याला घराबाहेर काढलं, तेव्हा स्वतःची पाळीही थोरल्याला सोडून तो निघाला आणि टेकडीच्या पायथ्याशी चहाचं हॉटेल टाकून बसला. रोज सकाळी अभिषेकाच्या पाण्याची घागर घेऊन चढणारी ती पाठमोरी आकृती... तेवढंच काय ते भावाचं दर्शन! आज बोललो तर जुना आळ खरा ठरणार... आणि न बोललो तर?

"डॉक्टरसाहेब," तो पुढं येऊन म्हणाला, "पोळ्याला अण्णा साठाव्या पायरीला थांबले. दिवाळीत चाळिसाव्या. संक्रांतीपासून एकविसाव्या पायरीलाच घागर खाली ठेवून छाती धरत्यात."

"बघा! पाळी पायजे त्याला, पाळी!" वीरप्पा गरजला.

"नको मला पाळी! दुसरा गुरव लावा, मी पायरीला शिवणार न्हाय... पर तुमी चढू नका, अण्णा!"

डॉक्टर गंभीर झाले. "म्हणजे नळी फारच अरुंद झालीय. पायऱ्या कायमच्या बंद."

वीरप्पानं मान वळवून धाकट्याकडे पाहिलं.

"बारा वर्षं... तू मोजत व्हतास?"

"दुसरं काय व्हतं मला बघायला?"

चैत्रात वीरप्पानं आपल्या हातानं घागर कल्याणप्पाच्या खांद्यावर दिली आणि हॉटेलच्या बाकड्यावर बसून पहिल्यांदाच त्याचा चहा चाखला. "पाणी लई घालतोस की रे!"

कल्याणप्पा हसत चढू लागला... आणि एकविसाव्या पायरीवर थबकला. खाली बाकडं सरकल्याचा आवाज झाला. वीरप्पा धडपडत उभा राहिला होता.

"कल्याण! का थांबलास? छातीत दुखतंय का रे?"

बारा वर्षांनी ती हाक!

"न्हाय, अण्णा... डोळं भरल्यात, पायरी दिसंना."

"मग बस तिथं घटकाभर," खालून उत्तर आलं. "मी हाय बघत."

कल्याणप्पानं घागर खाली ठेवली आणि तो बसला... जिथं अण्णा बसायचे, तिथंच.