बेल कुठल्या देशात मिळतो?

लोहारा गावाबाहेरच्या महादेवाच्या देवळात शिवलीला पोचली, तेव्हा बेलाच्या झाडात एक माणूस अर्धा शिरलेला होता. बाहेर दिसत होते ते फक्त अनवाणी पाय आणि एक कोपर.

"आज सोमवार आहे," ती हळूच म्हणाली. ती नेहमी हळूच बोलायची. ती शिकवायची त्या बालवाडीतली पोरं तिचं ऐकू यावं म्हणून गप्प बसायची. "सोमवारी बेल तोडत नाहीत. रविवारीच तोडून ठेवतात."

फांदी हलली. मग चेहरा दिसला… घामेजलेला, ओशाळलेला, कपाळावर विभूतीचे पट्टे.

"तीन वर्षं बाहेर होतो. विसरलोच बघा. आता हातात आलाय तेवढा…?"

"तेवढा वाहा. आणि चुकलं म्हणा."

"कुणाला?"

"महादेवाला."

"मला वाटलं, तुम्हाला."

त्याच्या बोटात काटा मोडला होता. तिनं बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढून पायरीवर ठेवली. हातात मात्र दिली नाही. वळून निघाली, तेव्हा तिच्या लक्षात आलं, आपण हसतोय.

"उमाशंकर मास्तरांचा शंभुलिंग हाय त्यो," दाराशी फुलं विकणाऱ्या चन्नम्मानं न विचारताच सांगितलं. "तिकडं आफ्रिकेत साखर करतंय पोरगं."

तेव्हापासून तो रोज सकाळी यायचा. शिवलीला तर वर्षानुवर्षं येतच होती. आंघोळ करायची, झाडाचं ताजं पान घरी न्यायचं, गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, बेल वाहायचा… आणि मगच चहाचा घोट. बाराव्या वर्षापासूनचं हे व्रत. बदललं एवढंच, की आता घरी चहाला उशीर होऊ लागला.

शंभुलिंग युगांडात साखर कारखान्यात केमिस्ट होता. आता शेजारच्या केनियातूनही बोलावणं आलं होतं. कुठं जायचं ते महिनाअखेर कळवायचं होतं, आणि त्याचं काही ठरत नव्हतं.

"केनियात पगार जास्त," तो पायरीवर बसून सांगायचा. "वीज सहसा जात नाही. रस्ता गुळगुळीत. क्वार्टरला फरशी आहे, गावात आपल्या लोकांचं दुकान आहे. तूरडाळ, पोहे, सगळं मिळतं. पण महागाईही तशीच."

"आणि युगांडात?"

"तिथं पाऊस थांबायचं नावच घेत नाही. माती लालभडक. कपडे कितीही धुवा, तांबूसच. वीज मनात आलं तर येते. पण बाजार स्वस्त. हिरवी केळी वाफवून जेवणात, आपल्या भाकरीसारखी. शेजारी नाकातो म्हणून बाई आहेत. पहिल्यांदा भेटल्या, तर चक्क गुडघे टेकून नमस्कार! मी घाबरून मागं सरकलो. नंतर कळलं, तिथली रीतच आहे. मला ताप आला तर दोन दिवस त्यांनी पेज आणून दिली… त्यांचा नवरा वासवा मला रोज विचारायचा, तुझी बायको कुठाय."

"मग तुम्ही काय सांगायचात?"

"सांगायचो, अजून पूजेला बसलीय."

ओढणीचं टोक तिच्या बोटाभोवती गुंडाळलं गेलं, सुटलं, पुन्हा गुंडाळलं गेलं.

"लीला," चन्नम्मा हार ओवता ओवता म्हणाली, "आजकाल एका महादेवाचा बेल तोडाया दोन माणसं लागत्यात व्हय?"

एका सकाळी तो पायरीकडं बघतच म्हणाला, "समजा… माझ्याबरोबर कुणी यायचं म्हटलं. तर तिनं कुठला देश निवडावा?"

शिवलीलानं परडीतली पानं उगाच एकेक करून सारखी केली.

"बेल कुठं मिळतो?" तिनं विचारलं. "बेल वाहिल्याशिवाय मी अन्नाला शिवत नाही. जिथं बेल नाही, तिथं मी नाही."

पगार, पाणी, वीज, भाडं, सगळं त्याला तोंडपाठ होतं. हे एक मात्र ठाऊक नव्हतं. त्यानं दोन्हीकडं फोन लावले. युगांडातून निरोप आला: इथं कुणाला माहीत नाही. केनियातल्या मित्रानं मात्र फोटो पाठवला. शंभुलिंग जवळजवळ धावतच आला.

"बघा, तीन पानं! कारखान्याच्या फाटकालाच आहे."

तिनं मोबाइल हातात घेतला. तीन पानं होती खरी. वर लालभडक तुरेही होते.

"हा पांगारा आहे," ती अगदी मऊपणानं म्हणाली.

त्याचा चेहरा इतका उतरला, की तिला त्या पांगाऱ्याचाच राग आला.

पुढचे तीन-चार दिवस तो आलाच नाही. त्या दिवसांत शिवलीलानं पूजा केली, पण मन थाऱ्यावर नव्हतं. रविवारी ऊन कलल्यावर ती सोमवारचा बेल तोडायला गेली, तर तो झाडाखाली उभा.

"दोन्हीकडं नको म्हणून कळवतोय," तो म्हणाला. "इकडंच कारखान्यात बघतो काहीतरी. बेल आहे तो देश बरा."

हातातली परडी तिनं खाली ठेवली. आता बोलायलाच हवं होतं.

"कळवू नका. बेल… शिळा होत नाही."

"म्हणजे?"

"सुकला तरी चालतो. वाहिलेला धुऊन परत वाहता येतो. डबाभर नेला तर वर्ष निघतं. ताजंच पान हवं, ही माझी आपली हौस."

तो बघतच राहिला. "हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"लहानपणापासून."

"मग मला इतके दिवस दोन देश का फिरवलंत?"

"फिरायला बरं वाटत होतं," ती म्हणाली, आणि कानांपर्यंत लाल झाली. "लगेच सांगितलं असतं, तर तुम्ही रोज कशाला आला असता…"

तो मोठ्यानं हसला. पारावरची कबुतरं उडाली. चन्नम्मा हसू लपवत टोपलीत वाकली.

"मग आता सांगा. कुठला देश?"

"युगांडा."

"अहो, वीज जाते तिथं. पगार कमी. कपडे तांबडे होतील."

"केनियाचं सांगताना तुम्ही दुकान, रस्ता, फरशी सांगता. युगांडाचं सांगताना माणसांची नावं सांगता." तिनं खाली ठेवलेली परडी उचलली. "नाकातोबाईंनी ताप असताना पेज दिली. मला त्यांना नमस्कार करायचाय. पण आधी आमच्या अप्पांना येऊन विचारा… आजच या."

त्यानं बूट काढले, फांदी जपून खाली ओढली आणि तिची परडी पुढं घेतली.

"उद्या सोमवार," तो म्हणाला. "किती तोडू?"

शिवलीलानं मान खाली घातली.

"दोघांपुरता," ती म्हणाली.