वळताना खट्ट

दसऱ्याच्या सकाळी खासगी गुप्तहेर दामिनी हिमानीच्या अंगणात गाडीच्या पुढच्या चाकापाशी उकिडवी बसली होती. तिचा मदतनीस अश्विन स्टिअरिंगवर होता.

"डावीकडे वळव. आता उजवीकडे."

खट्ट!

"कालपर्यंत हा आवाज नव्हता, ताई," हिमानी म्हणाली. "आज झेंडू आणाले कोपऱ्यावर गेली, तं वळताना खट्ट-खट्ट. आता माहेरी उमरेडले जायचं हाय, सोनं द्याले. मले लय भीती वाटून राहिली. बाबानं माह्या नावावर केलेलं वावर विकाले नाही म्हटलं, तेव्हापासून या घरात..."

"एक्सल गेला असंल," अश्विननं ठोकून दिलं.

"गाडी उभी हाय गा!" दामिनी म्हणाली. "एक्सल चाक फिरलं की कटकटते. हे उभ्या गाडीत वाजून राहिलं. खालचा बॉल जॉइंट पाहा लागते."

दामिनीनं टॉर्च मारला. चाक धरून ठेवणाऱ्या त्या सांध्याचा नट शेवटच्या आट्यांवर आला होता. नट अडवणारी पिन गायब. नटाच्या कडेला लाल डाग. भर रस्त्यात चाकच निसटलं असतं. गाडीची चावी तिनं खिशात टाकली.

पहिले आले मेकॅनिक नत्थूजी. "मागच्या हप्त्यात सर्व्हिसिंग केली, सारं घट्ट होतं. अन् काल खांडेनवमी होती, म्याडम! माहे नट खोलाचे पाने लकडगंजच्या दुकानात पूजेत हायेत, शटर बंद. पूजेतलं औजार कोणी उचलते काय?"

मग हिमानीचा नवरा, मोहित. "मी काहून गाडीजवळ जाऊ? काल पूजा झाली, जेवलो, झोपलो. उमरेडलेही मी मागून बसनं येतो. हिमानी एकटीच जाते."

सासूबाई इंदुताई देवघरात होत्या. पाटावर घरचे पाने झेंडूत मांडलेले.

"साऱ्याइले माह्या हातानं कुंकू लावलं. या एकाचं कसं पुसलं बाई? काल दुपारी मी अन् हिमानी देवळात गेलो होतो. उंदीर फिरला असंल." मग त्या हळूच म्हणाल्या, "मीही जाते सुनेसंगं. मोहितले नाही सांगितलं, तो नाही म्हणंल."

दामिनीनं हिमानीच्या कानात काही सांगितलं आणि सगळ्यांना अंगणात बोलावलं.

"आवाज किरकोळ हाय. निघा तुम्ही."

अश्विन आ वासून बघत राहिला. हिमानी स्टिअरिंगवर बसली. इंदुताई पिशवी घेऊन तिच्या शेजारी बसल्या.

मोहित पांढराफटक पडला. "आई, उतर! उतर म्हणतो ना!"

"काहून, मोहितभाऊ?" दामिनीनं खिशातली चावी वर धरली. "भिऊ नका, गाडी हलणार नाही. पण बायको बसली तेव्हा तुम्ही चूप होते."

मोहितनं आईच्या बाजूचं दार उघडलं, पण दामिनी बोलतच राहिली.

"नटावर कुंकू होतं. म्हणजे पाना पूजेतला. नत्थूजीचे पाने शटरमागं, अन् इथं एकाच पान्याचं कुंकू पुसलेलं. ग्रीस लागलं, तुम्ही पाना पुसला, झेंडूत परत ठेवला. कुंकू लावाचं राहिलं. ते काम दरवर्षी आईच करते, तुमच्या ध्यानात कुठून येईल? दुपारी घरी तुम्ही एकटे. अन् आपण ढिली केलेल्या गाडीत कोण बसंल? म्हणून तुमची बस."

"वावरासाठी, मोहित?" हिमानीनं विचारलं.

तो आईकडेच बघत होता. "आई, मले माहीत नव्हतं तू..."

इंदुताईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी सुनेचा हात घट्ट धरला.

"पोलिसाले बोलाव वं, दामिनी," त्या म्हणाल्या. "तोवर मी इथंच बसते, पोरीजवळ."