वरच्या खोलीतले भाऊजी

तुमची सॅक भरून तयार आहे, राहायचं कुठे एवढंच ठरायचंय, म्हणून सांगतो. त्या गावात स्टँडजवळ राहा. खोल्या कोंदट आहेत, उजाडायच्या आत गाड्यांचे हॉर्न सुरू होतात, चादरींना डांबरगोळ्यांचा वास मारतो. तरी तिथेच राहा. शेवटच्या वळणावरून वर एक पायवाट जाते. तिकडचं घर कुणी सुचवलं तर हात जोडा आणि खाली या.

मी चष्म्यांच्या दुकानात लोकांचे डोळे तपासतो. माझा आणि डोंगराचा संबंध भिंतीवरच्या कॅलेंडरपुरता. पण बायकोचा धाकटा भाऊ कड्यांच्या पायी वेडा होता. पोरांना चढाई शिकवायचा. उभी भिंत दिसली की हा चिकटलाच, म्हणून घरात सगळे त्याला सरडू म्हणायचो. त्या गावामागच्या कड्यावर त्याचा फार दिवसांपासून डोळा होता. सोबतीला कुणी मिळेना. शेवटी बायको म्हणाली, "अहो, तुम्ही जा बरोबर. चढू नका, नुसते खाली उभे राहा. एकटा गेला तर माझ्या जिवाला घोर."

गेलो. नेमकी सायकलींची शर्यत होती, गावात पाय ठेवायला जागा नव्हती. प्रत्येक हॉटेलात तेच उत्तर. शेवटी चहाच्या टपरीवाल्याने वर बोट दाखवलं. "एक बाई ठेवते गिर्यारोहकांना. कडाही तिथून जवळ."

घर दगडी होतं, दुमजली. खाली स्वयंपाकघर, त्यात मोठी शेगडी; वर दोन पलंगांची एक खोली. घरमालकीण साठीच्या पुढची, कमी बोलणारी. खोली दाखवताना म्हणाली, "धुकं दाटायच्या आत परत या." बस, एवढंच. मला वाटलं, काळजीपोटी म्हणत असेल.

दुपार कलल्यावर कड्याचा पायथा नुसता बघून यायला आम्ही निघालो. सरडू खूश होता. कड्यावर हात फिरवत होता, जणू गोठ्यातल्या म्हशीची पाठ थोपटतोय. मी चिडवलं, "लग्न लावून देऊ का तुमचं?" तो हसला, आणि हसता हसता थांबला. खालून धुकं वर येत होतं. बघता बघता त्याचे बूट दिसेनात, मग गुडघे.

"दोर बांधू," तो म्हणाला. "हात सुटतो, दोर सुटत नाही." त्याने एक टोक माझ्या कमरेला बांधलं, एक स्वतःच्या. उतरताना अनुभवी माणूस मागे राहतो, म्हणून मी पुढे.

तसलं धुकं मी पुन्हा पाहिलं नाही. स्वतःचा हात लांब केला तर बोटं दिसत नव्हती. ओल्या दगडाचा वास नाकात भरला होता. आवाज फक्त आमच्या बुटांचा आणि खडी घसरल्याचा.

"सरडू?"

"आहे, भाऊजी."

थोडं उतरलो की पुन्हा हाक, पुन्हा तेच उत्तर. मग एकदा उत्तर आलं नाही. त्याऐवजी दोराला हलका हिसका बसला. दमला असेल, म्हटलं. पुढच्या हाकेलाही हिसकाच. त्याच्या पुढच्याही. एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली होती... खडी आता फक्त माझ्या पायाखाली वाजत होती.

अखेर पिवळा उजेड दिसला. जिवात जीव आला. मी दार ढकललं.

शेगडीजवळ सरडू बसला होता. हातात चहाचा कप, पायांत कोरडे मोजे.

"भाऊजी...?" कप त्याच्या हातात कलंडला. चहा मांडीवर सांडला तरी त्याला कळलं नाही.

"तू... तू कधी आलास?"

"तुमच्याबरोबरच आलो की."

घरमालकीण ओट्याशी उभी होती. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग जिन्याकडे. "हे तर वर गेले ना आत्ता," ती हळूच म्हणाली. "मीच टॉवेल दिला यांना."

मी खाली पाहिलं. माझ्या कमरेपासून दोर उंबऱ्यावरून मागे, धुक्यात गेला होता. तेवढ्यात त्याला हिसका बसला. हलकाच. हाकेला उत्तर दिल्यासारखा.

मी एक पाऊल आत टाकलं. सरडू ताडकन उठला. "आत येऊ नका!"

हा पोरगा माझ्या लग्नात माझे बूट लपवून खिदळत होता. तोच आता माझ्याकडे असा बघत होता. मी डोळ्यांचा माणूस आहे. त्याच्या बाहुल्या केवढ्या पसरल्या होत्या, ते मला दाराशी उभं राहूनही दिसत होतं. तो मलाच घाबरला होता.

"अरे, मी आहे..."

"ताईला घरात काय हाक मारता, सांगा."

मी तोंड उघडलं. पण माझ्याआधी वरून आवाज आला. माझाच आवाज. शांत, झोपाळलेला.

"हवालदार."

उत्तर बरोबर होतं. जरा उशीर झाला की ती उलटतपासणी घेते, म्हणून मी तिला हवालदार म्हणतो. चारचौघांत कधीच नाही.

मागून दोर ताणला. आता हिसका नव्हता, ओढ होती. सावकाश, न थांबणारी. माझे पाय उंबऱ्यावरून मागे सरकायला लागले. मी चौकट धरली आणि सगळी लाज सोडून ओरडलो, "गाढवा, बघत काय बसलास! ओढतंय मला! सुरी आण, मूर्खा... सरडू, अरे, मला घरी जायचंय रे..." मी रडत होतो. वरचा आवाज गप्प होता.

सरडूने ओट्यावरची सुरी उचलली. माझी कॉलर एका हाताने घट्ट धरली आणि दुसऱ्या हाताने दोर कापला. तुटलेलं टोक आवाज न करता धुक्यात गेलं. घरमालकिणीने दार लावून आडणा घातला.

"खोटा माणूस एवढा घाबरेल का, असं वाटलं मला," तो नंतर म्हणाला. तेवढ्यावर माझा जीव वाचला.

मग आम्ही तिघंही जिना चढलो. वर कुणी नव्हतं. खिडकीची कडी आतून लागलेली. माझ्या पलंगावरच्या उशीत डोक्याचा खळगा पडला होता, चादर गरम होती. खोलीभर ओल्या दगडाचा वास.

उजाडेपर्यंत आम्ही शेगडीपाशी बसून राहिलो. निघताना मी घरमालकिणीला विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

ती खाली बघत म्हणाली, "सांगितलं तर राहायला कोण येईल?"

पहिल्या गाडीने परत फिरलो. संध्याकाळी आमच्या शहरात उतरलो, तेव्हा सरडूने मला मिठी मारली. असं तो कधी करत नसे. तो त्याच्या खोलीकडे गेला, मी घरी आलो.

बायकोने दार उघडलं. कपाळाला आठी.

"आता काय विसरलात?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय? दुपारी आलात, जेवलात, पाठ टेकलीत. आत्ताच तर बाहेर पडलात. सरडूकडे जातो म्हणालात."

मी तिला बाजूला सारून आत गेलो. पलंगावरची चादर विस्कटलेली होती. हात लावायचं धाडस झालं नाही. तिथेच उभं राहून सरडूला फोन लावला. रिंग वाजत राहिली, वाजत राहिली, आणि मग जिन्यावरून उतरणाऱ्या चपलांचा आवाज, सोबत त्याचा धापा टाकणारा स्वर.

"उतरतोय हो, भाऊजी. किती घाई! हे काय, दिव्याच्या खांबाखाली उभे आहात, दिसताय मला."

"सरडू, वर जा. परत वर जा. तो मी नाही..."

चपला थांबल्या.

"पण... तुमच्या हातात तर फोन नाहीये..."

त्यानंतर पलीकडून, अगदी जवळून, माझा आवाज आला. शांत, झोपाळलेला.

"कुणाचा फोन आहे, सरडू?"