रेघेपर्यंत पाणी

कावेरी बॅटरीचं पाणी आणायला निघाली तेव्हा ऊन अजून पत्र्यावरून खाली उतरलं नव्हतं. पाटोद्याच्या स्टँडमागे ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या चार्ज करून देणाऱ्या धुळाजीचं दुकान होतं. तिथे शुद्ध पाण्याचे पांढरे कॅन मिळत. घरात ना ट्रॅक्टर ना जीप, आणि ही बाई दर आठवड्याला कॅन उचलते, याचं धुळाजीला आधी फार नवल वाटायचं. आता वाटत नसे. शेट्यांच्या, म्हणजे तिच्या सासरच्या किराणा दुकानामागच्या खोलीत समुद्र आहे, हे एव्हाना सगळ्या पेठेला ठाऊक झालं होतं.

समुद्र केवढा, तर गोडेतेलाच्या डब्याएवढा. कावेरीचा नवरा योगीराज मालवाहू जहाजावर इंजिनखात्यात होता. लिंगायत वाण्याचा पोरगा गुळाच्या ढेपा तोलायच्या सोडून दर्यावर गेला, म्हणून नातेवाइकांनी पोटभर नावं ठेवून घेतली होती. मागच्या सुट्टीत त्याने मुंबईहून काचेची ती पेटी रात्रभर एसटीत मांडीवर धरून आणली. आत वाळू, बारीक जीव वस्तीला असलेले भोकाभोकांचे जिवंत दगड, बोटभर जांभळं प्रवाळ आणि एक नारिंगी मासा. त्याने पंप बसवला, वर निळसर ट्यूब लावली आणि काचेवर तेलरंगाने लाल रेघ ओढली.

"उडतं ते निस्तं पाणी, मीठ आतच ऱ्हातं," त्याने कावेरीला समजावलं होतं. "म्हणून रेघंच्या खाली उतरलं की गोडंच पाणी टाकायचं. खारं टाकलं तर मीठ वाढंल अन् समदे मरतील. टँकरचं बी न्हाई, त्यात पावडर असती."

"म्हंजी समिंदराला गोडं पाणी मी पाजायचं?" ती हसली होती.

"तूच पाजायचं," तो म्हणाला होता.

तो गेल्यावर तिने ती पेटी डोळ्यांत तेल घालून सांभाळली. वीज गेली की पंप बंद पडायचा. मग ती तांब्याने आतलंच पाणी उचलून वरून धार सोडत बसायची, आतल्या जिवांना हवा मिळावी म्हणून. हात भरून यायचे. पण निळ्या उजेडात ते प्रवाळ हळूहळू उमलायचं, आणि आपण पाटोद्यात नसून कुठल्या तरी किनाऱ्यावर बसलोय असं तिला वाटायचं. त्या वाटण्यात मोठं सुख होतं.

चैत्र सरता सरता एसटीडी बूथवर कंपनीचा फोन आला. वादळात जहाज बुडालं. काही माणसं छोट्या होडीत उतरली, त्यांत योगीराज होता. होडी सापडत नव्हती. निरोप घेऊन आलेला दीर अमरनाथ उंबऱ्यातच बसला. सासू दानम्मा त्याच्या शेजारी टेकली. मग म्हणाली, "आपल्यात माणसाला मातीत बसवत्यात. माझ्या लेकाला म्या कुठं बसवू?"

कावेरीला मात्र तो गेलाय असं वाटेचना.

त्याच आठवड्यातली दुपार. वीज गेलेली, पेठ झोपलेली. पंपाची घरघर थांबल्यामुळे खोली नको इतकी शांत झाली होती. ओल्या दगडांचा खारट वास भिंतींना चिकटला होता. कावेरीने रेघेपर्यंत पाणी टाकलं आणि तांब्या ठेवायला ती खाली वाकली.

गटक... गटक... आणि मग, जरा थांबून, एक लांब घोट.

तिने मान वर केली. पाणी रेघेच्या चांगलं दोन बोटं खाली गेलं होतं. फरशी कोरडी होती. मासा कोपऱ्यात काचेला चिकटून होता. योगीराजने पाण्यात सोडून ठेवलेली मीठ मोजायची काचेची नळी मात्र रोजच्या खुणेपेक्षा वर उचलली गेली होती, म्हणजे मीठ सगळं आतच होतं. ज्याने कोणी पाणी नेलं, त्याने त्यातलं गोडं तेवढं नेलं होतं. दोन घोट घाईचे आणि तिसरा निवांत, असं पाणी पिणारा माणूस कावेरीने आयुष्यात एकच पाहिला होता.

तिने पुन्हा तांब्या ओतला. पुन्हा तोच आवाज, जवळून, काचेच्या आतून.

"सावकाश प्या..." ती कुजबुजली. "हाय मी इथं."

तिला भीती वाटली नाही. उलट फोन आल्यापासून पहिल्यांदाच तिला पोटभर श्वास घेता आला. होडी कुठेतरी तरंगतेय, वर ऊन आहे, आणि तो जिवंत आहे. आता त्याचा जीव आपल्या तांब्यावर आहे, एवढं तिला लख्ख कळलं. अमरनाथने पेटी गळते का म्हणून सांधे चाचपले, खाली वर्तमानपत्र अंथरलं. कागद कोरडाच राहिला. तो तिथे बसलेला असताना एकदा आवाज आला, आणि त्यानंतर त्याने त्या खोलीत पाऊल टाकलं नाही.

तर कॅन आणायला निघालेल्या कावेरीसमोर त्या सकाळी धुळाजीने हात झटकले. "माल न्हाई, ताई. बीडला मिळंल."

कावेरी घरी परतली. खाटेखाली अर्धा कॅन शिल्लक होता. तिने दानम्माला पेटीजवळ नेलं. "आत्याबाई, दुपारी एक तांब्या, दिवेलागणीला एक. ह्याच कॅनातलं. रेघंपर्यंत."

"एवढं बी जमना व्हय मला? जा तू."

बीडला कॅन मिळाला, पण येताना मांजरसुंब्याच्या अलीकडे बसने मान टाकली. ती घरी पोचली ती दुसऱ्या दिवशी सकाळी, कॅन छातीशी धरून. दानम्मा दारातच होती, मोठ्या समाधानात.

पाणी बरोबर रेघेवर होतं.

"बघ, काल सांजंपासून थेंबभर उतरलं न्हाई."

"काय टाकलंत?"

"तू सांगितलं तेच, कॅनातलं. पर खाऱ्या पाण्यातला जीव त्यो. फिक्क्या पाण्यानं त्याचं कसं भागायचं? तू रोज अळणीच पाजतीस, मला बघवंना. दुकानातलं खडे मीठ मूठभर इरघळवलं तांब्यात." दानम्माने आवाज उतरवला. "दुपारी टाकलं तवा लई आसुसून प्याला, बाई. मंग खोकल्यावानी झालं... सांजंला पुन्यांदा टाकलं, तर गप. कावेरे, मासा बी खोकतो व्हय गं?"

कावेरीने कॅन फोडला. एक तांब्या ओतला, दुसरा ओतला. पाणी रेघ ओलांडून काठावर आलं, काठावरून फरशीवर आलं, तिच्या पायांखालून दाराकडे गेलं. कॅन रिकामा होईपर्यंत ती ओतत राहिली. कुठेही घोटाचा आवाज झाला नाही. प्रवाळ मिटलं होतं. मासा उलटा तरंगत होता.

"कावून रडतीस गं? मासा मेला व्हय?"

तिने सासूकडे पाहिलं. म्हातारीच्या नखांत अजून मिठाचे कण होते.

"व्हय आत्याबाई," ती म्हणाली. "मासाच मेला."

दुसऱ्या दिवशी सकाळी घरातली पिण्याची घागर रिकामी सापडली. चिरली असेल म्हणून दानम्माने नवी आणली. तीही रिकामी झाली. घागरीच्या काठावर ओठांएवढी पांढरी रेघ होती. कावेरीने बोट लावून चाखलं, आणि दानम्माची नजर जायच्या आत ते मीठ पदराने पुसून टाकलं. मग शेजारच्या रतनबाईची घागर कोरडी पडली, मग समोरच्या सुंदररावांचा रांजण. त्या आठवड्यात टँकर दोनदा आला, तरी सकाळी गल्लीत एकही भांडं भरलेलं नसे, आणि माणसं टँकरवाल्याला शिव्या घालत.

आता कावेरी सगळ्यांच्या आधी उठते आणि घरोघरीचे काठ पुसून येते, म्हातारीला कळू नये म्हणून. पण आपल्या गल्लीतलं शेवटचं घर होईपर्यंत पलीकडच्या गल्लीतून कुणाची तरी हाक येते, की काल भरून ठेवलेलं पाणी गेलं कुठं.