खालची दहावी फोड

"सत्तावीस दक्षिण, एकशे नऊ पश्चिम. पुन्हा मोज!" दादा म्हणाला.

मोजपट्टी ही त्याची आतेबहीण. तिने पृथ्वीगोलावर तिसऱ्यांदा मोजलं. तिचं बोट विषुववृत्तावरच्या आकड्यांवरून सरकत एकशे पाचच्या जरा पलीकडे थांबलं आणि तिथून सरळ खाली उतरलं. पंधराची आडवी रेघ गेली. तिसाची यायच्या थोडं आधी बोट टेकलं. खाली निळा रंग होता. नुसता निळा!

"काहीच नाही," ती म्हणाली.

"म्हणजे आत्या थाप मारतेय!" दादा खिदळला.

"माझी आई थापा मारत नाही!"

"मग जहाज चुकलं असेल," शेंडी म्हणाली. शेंडी दादाची नऊ वर्षांची बहीण. ती हे अगदी सहज म्हणाली, पण मोजपट्टीने निळ्यावरचं बोट उचललंच नाही.

मोजपट्टी हे नाव तिला मामाने ठेवलं होतं, कारण ती काहीही मोजायची. जिन्याच्या पायऱ्या, खिडकीचे गज, आई परत यायला उरलेले दिवस. आई समुद्राच्या पाण्याचं तापमान मोजणाऱ्या जहाजावर गेली होती, चार महिन्यांसाठी. बाबांच्या कामाच्या पाळ्या रोज बदलायच्या, म्हणून सुटीत मोजपट्टीची रवानगी मामाकडे झाली होती. घराच्या मागेच मामाचा पृथ्वीगोलांचा कारखाना होता. घरात माणसं भरपूर, कुणी तिला काही कमी पडू देत नव्हतं. तरी जेवताना कुणी "जरा मीठ दे गं" म्हटलं, की तिला वाटायचं, हे दुसऱ्याच कुणाला म्हणताहेत.

दर गुरुवारी जहाजावरून मामीच्या फोनवर संदेश यायचा. दोन आकडे आणि एखादं वाक्य. मामाने तिला पोचा आलेला एक गोल दिला होता. त्यावर त्या आकड्यांच्या जागी ती पेन्सिलीने टिंब करायची आणि बराच वेळ त्या टिंबाशेजारी बसून राहायची. आजचा संदेश नेहमीपेक्षा मोठा होता. 'समोर ईस्टर बेट! चार आठवड्यांनी जमीन दिसली. आम्ही सगळे डेकवर येऊन ओरडतोय.'

पण गोलावर तिथं जमीन नव्हती. मग आई ओरडतेय कुठे?

दुपारी सगळे जेवायला बसले, तेव्हा मोजपट्टी एकटीच कारखान्याच्या कचेरीत शिरली. कपाटावर जुना, विटलेला पृथ्वीगोल होता. खुर्चीवर चढून तिने तो खाली उतरवला, बाहीने धूळ पुसली आणि बोट ठेवलं. एकशे नऊ पश्चिम. सत्तावीस दक्षिण.

बोटाखाली मोहरीएवढा ठिपका होता. शेजारी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ईस्टर बेट.

ती ठिपक्याकडे बघतच राहिली. केवढासा तो! जवळचं वस्तीचं बेटसुद्धा दोन हजार किलोमीटर लांब. मग ती दाराकडे धावली. "दादा! शेंडी! लवकर या!"

दोघं उष्ट्या हातांनीच आले. जुना गोल आणि पोचा आलेला नवा गोल शेजारी शेजारी ठेवले.

"नव्यावरून बेट पळालं कुठे?" दादाने डोळे बारीक केले. "आणि हे बघ! पिटकेर्न बेट. आणि चार बोटांवर परत... पिटकेर्न बेट!"

"जुळी बेटं!" शेंडी म्हणाली.

"जुळी नव्हेत गं, एकच फोड दोनदा चिकटलीय!" मोजपट्टी म्हणाली.

पृथ्वीगोलाचा नकाशा संत्र्याच्या फोडींसारख्या कागदी पट्ट्यांमध्ये छापतात. वरच्या अर्ध्या गोलाला बारा, खालच्या अर्ध्या गोलाला बारा. कारखान्यात त्यांना फोडीच म्हणत. प्रत्येक फोडीच्या टोकाला तिचा नंबर असे. चिकटवण्याआधी टोक कापून टाकत आणि ध्रुवावर गोल चकती बसवत.

तिघं फोडींच्या मांडणीपाशी गेले. खालच्या अर्ध्या गोलाच्या नवव्या खणात निळ्या फोडी होत्या. दहाव्या खणातही निळ्या फोडी होत्या, आणि त्यांच्यावरही पिटकेर्नच! नवव्याचाच जादा गठ्ठा तिथं सुटला होता, आणि टोकं कापल्यावर नंबर उरलेच नव्हते. खऱ्या दहाव्या फोडींचा गठ्ठा मांडणीखाली तपकिरी कागदात तसाच बांधलेला होता. कुणी दोरीसुद्धा सोडली नव्हती.

"पण हे कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही?" दादाने विचारलं.

"आफ्रिकेची फोड चुकली, तर अर्धी आफ्रिका तुटलेली दिसते. इथं तुटायला काही नाहीच," मोजपट्टी म्हणाली. "आई सांगते, सगळे सात खंड शेजारी शेजारी मांडले, तरी एकट्या पॅसिफिक महासागरात मावतील. एवढं पाणी! तिथं कोण बघतंय?"

शेवटचं वाक्य बोलताना तिचा आवाज एकदम बारीक झाला. दादा दुसरीकडे बघायला लागला.

मामा खोक्यांवर पत्ते चिकटवत होता. तीनशे गोल उद्या शाळांमध्ये जायचे होते.

"बाबा, गोल चुकलेत!" दादा म्हणाला.

"चुकायला काय झालं? मी स्वतः गठ्ठे सोडले, सगळी टोकं एका दिवसात कापून दिली. पळा, लुडबुड नको!"

"पण मामा, दहावी फोड..."

"अगं, निळ्यासारखं निळं! त्यात काय बघायचं? उद्या सकाळी टेम्पो दारात उभा राहील!"

तिघं बाहेर आले. दादा म्हणाला, "सांगून ऐकणार नाहीत. त्यांच्याच तोंडून वदवायला हवं." मग तिघांची डोकी एकत्र आली.

चहाच्या वेळी शेंडी एक नवा कोरा गोल घेऊन मामासमोर बसली. "बाबा, पैज! तुम्हाला पिटकेर्न बेट सापडणार नाही."

"मला? वीस वर्षं पृथ्वी विकतोय मी!" मामाने चष्मा चढवला, गोल फिरवला आणि बोट टेकवलं. "हे घे!"

"चूक!" शेंडीने चार बोटं पलीकडे बोट ठेवलं. "इथं आहे."

"अगं, वाचता येतं मला! पिटकेर्न बेट!"

"मलापण येतं! पिटकेर्न बेट!"

"कार्टे, तुझं बोट..." मामा वाकला. त्याने शेंडीचं बोट उचलून खाली वाचलं. आपलं बोट उचलून वाचलं. मग चष्मा पुसून दोन्हीकडे परत वाचलं. चहावर साय धरली.

"हे कुणी शोधलं?" त्याने हळूच विचारलं.

दादाने मोजपट्टीला पुढे ढकललं. "आत्या त्या बेटापाशी आहे, बाबा. हिने तिला गोलावर शोधलं, तर बेटच गायब!"

मामाने चष्मा काढून ठेवला. मग उठला आणि टेम्पोवाल्याला फोन करून म्हणाला, "उद्या नको. परवा ये. चूक माझी आहे."

दुसरा दिवस नुसता धावपळीचा गेला. चुकलेल्या फोडीवर बरोबर फोड चिकटवायची, रेघेला रेघ जुळवायची. ओला कागद ताणला जातो, म्हणून मधून कडेकडे हात फिरवायचा. दादा खळ ढवळत होता, शेंडी फोडी देत होती. चिकटवणाऱ्या मावशींनी मोजपट्टीला शेजारी बसवून घेतलं.

"इतकी वर्षं हा निळा चिकटवतेय बाई," त्या म्हणाल्या, "पण त्यात काय लिहिलंय ते कधी वाचलं नाही. शाबास तुझी! शाळाशाळांतली मुलं आता बरोबर पृथ्वी बघतील."

संध्याकाळी कारखाना रिकामा झाला. पोचा आलेला गोल मात्र तसाच होता. त्याची फोड मोजपट्टीने एकटीने चिकटवली. तो वळवून तिने समोर धरला, तेव्हा जवळजवळ सगळं पाणीच दिसलं. मध्ये मोहरीएवढा ठिपका. आई खरं बोलत होती. आई चुकली नव्हती. पण हे कळल्यावर ती जवळ आल्यासारखं वाटेल असं मोजपट्टीला वाटलं होतं, तसं काही झालं नाही. उलट ती किती लांब आहे, ते आता नीट दिसत होतं.

मागून मामा आला. बाकावर तिच्या शेजारी बसला आणि खिशातून दोऱ्याचं रीळ काढलं.

"आपण कुठे, ते मला माहीत आहे," तो म्हणाला. "ताई कुठे, ते तू दाखव."

तिने दाखवलं. मामाने दोऱ्याचं टोक ठिपक्यावर दाबून धरलं. मोजपट्टी दोरा सोडत सोडत, गोलाला वळसा घालत आपल्या गावापर्यंत आली आणि तिथं तिने दोरा नखाने चिमटला.

"किती भरतं?" मामाने विचारलं.

"थांब, मोजते," ती म्हणाली. "तू टोक सोडू नकोस हं, मामा."

"नाही सोडत," मामा म्हणाला. त्याचं बोट ठिपक्यावरून हललं नाही.