सेरोजच्या शिळेवरची रिकामी पट्टी

साल २०२५. ऑक्टोबर संपत आला होता. तेहरानमध्ये येशूची आई मरियम, तिच्या नावाचं मेट्रो स्टेशन नुकतंच सुरू झालं होतं. तुम्ही माना अथवा मानू नका, पण हे घडलंय. क्नारिकने माझ्या स्वयंपाकघरात बसून मला सांगितलं, आणि पन्नास वर्षांच्या मैत्रीत ती माझ्याशी एकदाही खोटं बोललेली नाही.

आणि हे घडलं तेव्हा रात्र नव्हती. दुपारचे तीन वाजले होते.

क्नारिकचा नवरा सेरोज पाथरवट. आम्हा आर्मेनियन लोकांत क्रूस कोरलेली शिळा उभारतात. ज्याच्यासाठी ती उभारली, त्याचं नाव सगळ्यात शेवटी, तळाच्या पट्टीत येतं. आधी ‘लक्षात ठेवा’, मग नाव. स्टेशनच्या भिंतीवर मरियम आणि येशू, वर चर्चसारखा घुमट, आणि फलाटाकडे उतरताना डाव्या हाताला सेरोजची शिळा. हातांत बळ होतं तेव्हा त्याने अशा दोनशे शिळा घडवल्या होत्या. ही शेवटची.

तिच्यावर नाव कुणाचं, हे त्याने सांगितलंच नव्हतं; पट्टी रिकामीच राहिली. उद्घाटनाआधी तीन आठवडे सेरोज गेला.

“तू गेल्यावरच्या चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेआधी तुझं नाव तिथे असेल,” क्नारिकने दवाखान्यात त्याचा हात धरून सांगितलं होतं. तो काहीतरी बोलायला गेला. खोकल्याची उबळ आली. राहूनच गेलं.

मग हेलपाटे सुरू झाले.

“खानम, तुमचा अर्ज वर गेलाय,” स्टेशनच्या ठेकेदाराचा इंजिनियर तवक्कोली म्हणाला.

“वर म्हणजे? देवाकडे?”

“वरच्या मजल्यावर. तिथून तो माझ्याकडे येईल, सहीला.”

“मग आत्ताच करा ना सही!”

“वरून आल्याशिवाय कशी करू?”

क्नारिक सत्तर वर्षांची. गुडघे दुखरे. तरी ती रोज स्टेशनातल्या त्याच्या कचेरीत जायची, रोज तेच ऐकायची आणि परत जाताना शिळेपाशी थांबून पट्टीवरून बोट फिरवायची. गुळगुळीत. कोरी.

सेरोज गेल्याच्या तेहतिसाव्या दिवशी तीन वाजता गाडी निघून गेली. जिना रिकामा झाला. आणि...

टक.

टक... टक.

छिन्नीचा आवाज. शिळेच्या आतून.

तिने मागे वळून पाहिलं. कुणीच नव्हतं.

झाडू घेऊन सफाईवाली सदीगे आली. “खानम, सरका जरा. कालपासून इथे पांढरी भुकटी पडतेय. झाडते, पुन्हा पडते. वरून काही गळतंय का, बघा तरी.”

“तुला आवाज येत नाही?”

“कसला?”

क्नारिकने भुकटी चिमटीत घेतली. चाळीस वर्षं नवऱ्याच्या शर्टांतून तिने हीच झटकली होती.

ती घाबरली. पण तिला राग जास्त आला.

“सेरोज!” ती शिळेवरच ओरडली. “जिवंतपणी घरातलं एक कपाट तुझ्याकडून दुरुस्त झालं नाही. आणि आता मी तुझ्यासाठी दारोदार फिरतेय, तर तू आत बसून टकटक करतोस? करायचंय तर नीट कर!”

आवाज थांबला.

सदीगेने झाडू खाली ठेवला. “खानम... आता थांबला तो. म्हणजे इतका वेळ येत होता की हो.”

पुढचे सहा दिवस रोज तीन वाजता टक... टक. पट्टी मात्र कोरीच. तवक्कोलीचा अर्जही वरच.

चाळिसाव्या दिवशी चर्चमध्ये प्रार्थना झाली. क्नारिक मेणबत्तीपुढे उभी राहून फक्त ‘माफ कर’ म्हणत होती. तिथून ती थेट स्टेशनात आली. सदीगे जिन्यातच भेटली, हसत.

“मुबारक, खानम! लागलं एकदाचं नाव! सकाळी ओल्या फडक्याने भुकटी पुसली, तर खाली अक्षरं. मला तुमची लिपी कुठे वाचता येते? पण सुंदर आहेत हो.”

क्नारिक वाकली.

अक्षरं सेरोजच्याच हातची. कडा ताज्या, धारदार.

लक्षात ठेवा... क्नारिक.

खाली तिचं जन्मसाल. पुढे एक आडवी रेघ. आणि रेघेपुढे... जागा.

सदीगे बोलत होती, क्नारिकला काही ऐकू येत नव्हतं.

तवक्कोली धावत आला. “तुम्हीच कुणाकडून तरी कोरून घेतलंत! गुन्हा आहे हा, खानम!”

“मी माझंच नाव कशाला कोरून घेईन, मूर्खा?”

त्याने पट्टीत सिमेंट भरून घेतलं. दुसऱ्या दिवशी तीन वाजता ते गळून पडलं. तीनदा भरलं. तीनदा पडलं.

तवक्कोलीने स्वतः मागून दुसऱ्या मार्गावर बदली घेतली. त्याचा अर्ज मात्र चार दिवसांत मंजूर झाला. क्नारिकची मुलगी तालिन तिला अमेरिकेला बोलावत होती. ती गेली नाही. सेरोजसाठी कबरस्तानात वेगळी शिळा लागली, दुसऱ्या पाथरवटाच्या हातची. सदीगे तिथेच झाडते. तिने आता दुपारची पाळी सोडली आहे.

डॉक्टर म्हणतात, क्नारिकचं हृदय ठणठणीत आहे. ती मात्र त्या मार्गाने जात नाही. बसने जाते, दोनदा बदलून.

गेल्या मंगळवारी सदीगेचा फोन आला होता.

“खानम, त्या रेघेपुढे आता आकडे आलेत. फोटो पाठवलाय.”

फोटो क्नारिकच्या फोनवर आहे. माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर तो फोन उपडा ठेवून ती चहा पीत होती. “तू बघतेस का?” तिने विचारलं.

मी नाही म्हणाले.